‘ती’ आणि ‘ते’

फोनवरचे ते बोलणे फार तर चार-पाच मिनिटांचे असेल. संध्याकाळची वेळ होती, पलीकडून ताई बोलत होती आणि मी नेहमीप्रमाणे फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत होते. खिडकीजवळच्या खुर्चीवर चिंगी झोपली होती. म्हणजे पुढचे पाय छातीखाली दुमडून, डोळ्यांच्या बारीक फटी उघड्या ठेवून, झोप आणि पहारा यांच्या मधल्या कुठल्याशा अवस्थेत बसली होती. कामानिमित्त वर्षभर दुसरीकडे राहायला जाण्याचे घाटत होते, तिथल्या भाड्याच्या खोलीत प्राणी चालणार नव्हते, आणि हा विषय किती दिवस टाळणार म्हणून मी शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, ‘ताई, त्या मांजराचं काहीतरी बघायला हवं. तू ठेवशील का?’ चिंगीचा डावा कान तोवर खिडकीबाहेरच्या आवाजांकडे वळलेला होता, तो माझ्याकडे फिरला. मग ती उठली, पाठीची कमान करून तिने सावकाश आळस दिला, खुर्चीवरून उतरली आणि माझ्याकडे न बघता खोलीबाहेर निघून गेली. त्या रात्री ती माझ्या पायांशी झोपायला आली नाही.

एवढेच घडले.

मांजर उठून जाते त्याला कारण असावेच लागते असे नाही, हे मलाही ठाऊक आहे. खुर्ची तापली असेल, पलीकडच्या खोलीत काही हलले असेल, किंवा त्या खुर्चीवर बसण्याचा तिचा त्या दिवसापुरता वाटा संपला असेल. दिवसातून वीस वेळा ती अशी उठून जाते आणि एकोणीस वेळा माझे तिकडे लक्षही जात नाही. विसाव्या वेळी माझ्याच मनात चोर होता, म्हणून तिचे जाणे मला उत्तरासारखे वाटले. हे सगळे समजूनही तो प्रसंग मनातून जाईना. भांडी आवरताना, दिवा मालवताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला: तिला कळले का? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, अधिक अडचणीचा: कळले असेल, तर नेमके काय कळले?

माझ्या त्या वाक्यात मला सगळ्यात जास्त टोचत होता तो ‘मांजर’ हा शब्द. मराठीत मांजर नपुंसकलिंगी आहे. बोका तो, मांजरी ती. पण जोवर ते कुणाचे झालेले नाही तोवर ते मांजर ‘ते’च असते. सात वर्षांपूर्वी पावसात भिजून, मुठीएवढे होऊन ते दाराशी आले तेव्हा आमच्या घरातही ते ‘ते’च होते. त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळले, त्याला खोक्यात ठेवले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी, नाव ठेवण्याच्याही आधी, ‘त्याने खाल्लं का’चे ‘तिने खाल्लं का’ झाले. हा बदल नेमका कुणी केला हे आज घरात कुणालाच सांगता येणार नाही. त्यानंतरच्या सात वर्षांत मी तिच्याविषयी बोलताना ‘ते मांजर’ असे कधी म्हटले नव्हते. रागावले तरी ‘ही कार्टी’ म्हणत असे. आणि त्या संध्याकाळी मी तिचे नाव घेतले नाही, ‘ती’ही म्हटले नाही, ‘त्या मांजराचं’ म्हटले. यामागचे निम्मे कारण उघड आहे: ज्याला देऊन टाकायचे त्याला नावानिशी देता येत नाही. उरलेले निम्मे कारण मात्र माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. चिंगी त्याच खोलीत होती, आणि तिचे नाव घेतले असते तर तिने ऐकले असते. म्हणजे तिला आपले बोलणे कळते, असे मी आधीच धरून चालले होते. कुणी विचारले असते तर मी हसून ‘छे, मांजराला काय कळतंय’ म्हटले असते. पण माझ्या आवाजाने आणि शब्दांच्या निवडीने परस्पर वेगळाच निर्णय घेऊन टाकला होता.

तशी ही लपवाछपवी आमच्या घरात नवी नाही. चिंगी दोन वर्षांची असताना ‘डॉक्टर’ हा शब्द तिला कळतो, अशी घरात सर्वांची खात्री पटली होती. उद्या डॉक्टरकडे न्यायचे आहे असे कुणी म्हणायचा अवकाश, की ती पलंगाखाली, तीही भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचाच हात पोहोचत नाही अशा जागी जाऊन बसे. मग माझ्या मुलीने सांकेतिक शब्द काढला: ग्रंथालय. ‘उद्या हिला ग्रंथालयात न्यायचं ना?’ असे आम्ही एकमेकींना विचारू लागलो, आणि आपल्या हुशारीवर खूश झालो. पहिल्याच खेपेला चिंगी पलंगाखाली गेली. दुसऱ्या खेपेलाही गेली. तिने आठवडाभरात नवा शब्द शिकून घेतला, असा निष्कर्ष मुलीने काढला आणि तो मलाही पटला होता. पण एके दिवशी मुलीला खरोखरच ग्रंथालयात पुस्तके परत करायला जायचे होते, तिने जाताना दारातून मोठ्याने ‘आई, मी ग्रंथालयात जाऊन येते’ म्हणून सांगितले, आणि चिंगीने शेपटीचे टोकसुद्धा हलवले नाही. तेव्हा मी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले. डॉक्टरांचा विषय निघाला की आम्ही दोघी आवाज खाली आणत होतो. बोलण्याआधी तिच्याकडे आणि मग एकमेकींकडे पाहत होतो. आदल्या रात्री माळ्यावरून टोपली उतरवताना ती वाजू नये म्हणून नको तितकी काळजी घेत होतो, आणि सकाळी उठल्याबरोबर, इतर कोणत्याही दिवशी लावत नाही ते झोपायच्या खोलीचे दार लावून टाकत होतो. शब्द कोणता वापरला याने काही फरक पडत नव्हता. आमचे अख्खे घर दबकत चालू लागले होते आणि त्या दबकण्याचा अर्थ तिला पाठ होता.

आवाज खाली आणून मांजरापासून काही लपवता येते ही समजूतही मोठी गमतीची आहे. माणसाचे कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकतात. मांजराचे कान 60,000च्याही पुढे जातात, कारण उंदरासारखे छोटे जीव ज्या चिरक्या, आपल्याला ऐकूच न येणाऱ्या आवाजांत एकमेकांशी बोलतात, ते ऐकण्यावर मांजराचे पोट अवलंबून असते. शिवाय दोन्ही कान स्वतंत्रपणे वळवता येतात. एक कान आपल्या बोलण्यावर आणि दुसरा जिन्यावर, असा कारभार चिंगी झोपेतही सांभाळते. जिला भिंतीमागची खसखस ऐकू येते तिच्यापासून चार हातांवर उभे राहून मी कुजबुजत होते. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून आपण त्याला हसतो. त्या संध्याकाळी डोळे मिटलेली मी होते.

मग मी वाचू लागले. मनाला काही टोचू लागले की त्याविषयी वाचत बसायचे, ही माझी जुनी पळवाट आहे. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी 20 मांजरांना त्यांच्या स्वतःच्या घरातच, अनोळखी माणसांनी आणि मग मालकाने हाक मारल्याची ध्वनिमुद्रणे ऐकवली. मालकाचा आवाज मांजरांनी ओळखला. पण तो ओळखल्याची खूण काय, तर कान वळले, मान वळली. उत्तरादाखल म्याव नाही, उठून येणे नाही. हे वाचताना मला हसू आले, कारण हे वर्णन म्हणजे आमच्या घरातला कोणताही दिवस आहे. 2019 साली त्यांनीच 78 मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात मांजराला आधी चार साधे शब्द, त्याच्या नावाइतक्याच लांबीचे आणि तशाच आघाताचे, एकापाठोपाठ ऐकवायचे. पहिल्या शब्दाला कान वळतो, दुसऱ्याला कमी वळतो, चौथ्यापर्यंत मांजर कंटाळते. आणि मग पाचवा शब्द म्हणून त्याचे नाव यायचे. नाव आल्याबरोबर कंटाळलेले कान पुन्हा जागे होत. अनोळखी माणसाने नाव घेतले तरीही होत. मांजरांच्या कॅफेतली मांजरे मात्र आपले नाव आणि सोबतच्या दुसऱ्या मांजराचे नाव यांत फरक करताना दिसली नाहीत. जिथे दिवसभर येणारी-जाणारी नवनवी माणसे सगळ्यांनाच सगळ्यांच्या नावांनी हाका मारत असतील, तिथे नावाला काय किंमत उरणार, असे माझ्या मनात आले. आणि नाव ओळखणे म्हणजे ‘ही मी’ असे समजणे नव्हे. या आवाजामागून खाणे येते, कुरवाळणे येते, किंवा टोपली येते, एवढीच ती जाण असू शकते.

अर्थात मी तो प्रयोग घरी केला. एका दुपारी चिंगीकडे पाठ करून, एकाच सपाट सुरात, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून म्हणत गेले: खिडकी, पिशवी, चटई, उशी, चिंगी. तिने काय केले ते पाठीमागे असल्यामुळे मला दिसले नाही, आणि हा दोष प्रयोग संपल्यावर माझ्या लक्षात आला. दुसऱ्या वेळी आरशात बघत केले. ‘खिडकी’ला तिचा कान वळला, ‘पिशवी’ला जरासा वळला, ‘चटई’ला नाही, ‘उशी’ला नाही, आणि ‘चिंगी’ला दोन्ही कान असे झटकन उभे झाले की माझ्याच छातीत काहीतरी हलले. मग तिसऱ्या वेळी ‘उशी’नंतर मी ‘शिंगी’ म्हटले आणि तेव्हाही दोन्ही कान उभे झाले. तेव्हा शास्त्र तिथेच थांबवले.

ताईशी बोलताना मी नाव घेतले नव्हते, म्हणजे नावाचा प्रश्न मिटला. उरला आवाज. त्याबाबत पॅरिसजवळच्या नांतेर विद्यापीठातल्या शार्लोत द मूझाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार जवळचा वाटला. आपण सगळेच मांजराशी बोलताना एक खास आवाज काढतो. उंच, लाडिक, लहान मुलाशी बोलताना असतो तसा, आणि तो कुणाच्या कानावर पडू नये असे आपल्याला वाटत असते. या प्रयोगात 16 मांजरांना आधी त्यांच्या मालकाचे दुसऱ्या माणसाशी चाललेले बोलणे ऐकवत, मग मध्येच तोच आवाज लाडिक होई. मांजरे त्याबरोबर भानावर येत. कान वळत, हालचाल थांबे, नजर शोधू लागे. अनोळखी माणसाने कितीही लाडिक आवाज काढला तरी असे होत नसे. म्हणजे घरातल्या दिवसभराच्या बोलण्याच्या गदारोळातून ‘हे माझ्याशी चालले आहे’ आणि ‘हे माझ्याशी नाही’ असे दोन ढीग मांजर करत असते, आणि पहिल्या ढिगातलेही फक्त आपल्या माणसाचे उचलते. माझ्या घरातले बहुतेक बोलणे चिंगीच्या दृष्टीने दुसऱ्या ढिगातले आहे. हिशेब, बातम्या, मुलीशी वाद, ताईशी तासन्‌तास गप्पा, हे सगळे तिच्यावरून पाण्यासारखे वाहून जाते. पण त्या संध्याकाळचा आवाज कोणत्याच ढिगातला नव्हता. तो तिच्याशी बोलण्याचा आवाज नव्हता आणि तिला सोडून बोलण्याचाही नव्हता. तो तिच्याविषयी, तिला टाळून काढलेला आवाज होता, आणि गेल्या सात वर्षांत असा आवाज तिने फक्त टोपली निघण्याच्या आदल्या रात्री ऐकला होता.

इथे मला ती बर्लिनच्या घोड्याची गोष्ट आठवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे आणि ते बघायला गर्दी लोटत असे. 1907 साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. योग्य आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात नकळत होणारा अगदी सूक्ष्म बदल घोडा टिपत होता. ही गोष्ट नेहमी घोड्याला कमी लेखण्यासाठी सांगतात: बघा, त्याला गणित येतच नव्हते. मला मात्र तिचा दुसराच भाग कायम अस्वस्थ करतो. हे सगळे शोधून काढलेल्या फुंग्स्ट यांनाही, आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असताना, ती सूक्ष्म हालचाल पूर्णपणे थांबवता आली नाही. जे आपण करतो आहोत हे आपल्याला दिसतच नाही ते आपण लपवणार कसे? उलट लपवायला गेलो की त्यात आणखी भर पडते. ‘डॉक्टर’चे ‘ग्रंथालय’ करताना आम्ही शब्द झाकला आणि बाकी सगळे उघडे टाकले.

मांजरांना शब्द अजिबात कळत नाहीत, असेही मला म्हणायचे नाही. साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, एकत्र राहणाऱ्या घरच्या मांजरांना आधी सोबतच्या मांजराचे नाव ऐकवले आणि मग पडद्यावर भलत्याच मांजराचा चेहरा दाखवला, तर ती पडद्याकडे अधिक वेळ बघत राहत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 31 मांजरांना 9-9 सेकंदांची हलती चित्रे दाखवली, प्रत्येक चित्राबरोबर मालकाच्या आवाजात एक बनावट शब्द. नंतर चित्र आणि शब्द यांची अदलाबदल केली तेव्हा मांजरे चित्राकडे जास्त वेळ टक लावून बघू लागली, जणू काही चुकले आहे. आमच्याकडे ‘गच्ची’ हा शब्द तिला कळतो असे मी शपथेवर सांगेन, कारण तो तिच्याकडे न बघता, दुसऱ्या खोलीतून, कोणत्याही सुरात म्हटला तरी ती दाराशी हजर होते. ‘नको’ हाही शब्द तिला कळतो, पण त्याचा अर्थ ‘मी बघत नसताना कर’ असा तिने लावला आहे. बॉर्डर कोली जातीच्या चेसर नावाच्या कुत्रीला 1,022 खेळण्यांची नावे येत होती. मांजर असे काही करून दाखवत नाही, आणि ते येत नाही म्हणून की करायचे नाही म्हणून, हे ठरवणे कठीण असते.

ताकागी यांचाच 2021 सालचा एक प्रयोग मात्र वाचून मी पुस्तक मिटावे तसा संगणक मिटला. मांजराला खोलीत ठेवून बाहेर एका जागेवरून मालकाचा आवाज ऐकवायचा, आणि क्षणभराने तोच आवाज अगदी दुसऱ्या टोकाकडून. इतक्या थोड्या वेळात माणूस तिकडे पोहोचूच शकत नाही. मांजरे चकित होत. म्हणजे दिसत नसलेल्या माणसाची जागा मांजर मनात धरून असते. आपण दुसऱ्या खोलीत असतो तेव्हा तिच्या डोक्यातल्या नकाशावर आपण कुठेतरी असतो. दोन वर्षांपूर्वी मी दहा दिवस बाहेरगावी गेले होते. एका रात्री मुलीने फोन स्पीकरवर टाकून चिंगीसमोर धरला आणि मी माझ्या त्या खास आवाजात तिला हाका मारल्या. ‘काय करते आहे?’ मी विचारले. मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, ‘दाराकडे गेली.’ फोनकडे नव्हे, दाराकडे. मग ती बराच वेळ दाराशी बसून होती म्हणे. त्या वेळी मला त्याचे कौतुक वाटले होते, चार जणांना मी ते सांगितलेही होते. आता वर्षभराचा विचार करताना तेच दृश्य डोळ्यांसमोर येई आणि कौतुक वाटत नसे.

मोठी झालेली मांजरे आपसांत क्वचितच म्याव करतात. म्याव हा पिल्लांचा आईकडे मागण्याचा आवाज. तो त्यांनी आपल्यासाठी मोठेपणीही चालू ठेवला आहे. मिल्ड्रेड मोल्क यांनी 1944 सालीच घरच्या मांजराच्या आवाजांचे सोळा प्रकार नोंदवले होते. कॅरन मॅकॉम्ब यांनी 2009 साली दाखवले की खायला मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरण्यात एक उंच, रडवा सूर मिसळतात, त्याची पट्टी रडणाऱ्या बाळाच्या जवळ जाते, आणि मांजर कधीही न पाळलेल्या माणसालाही तो सूर तातडीचा वाटतो. पहाटे साडेपाचला माझ्या उशीशी जे काही चालते ते हेच. तिने माझा अभ्यास किती केला आहे, याचा पुरावा रोज पहाटे मिळत असताना मी मात्र तिला किती कळते याची चौकशी करत बसले होते.

या सगळ्या वाचनातून माझ्यापुरते उत्तर मिळाले होते. तिला ‘देणे’ कळले नव्हते, ‘ठेवशील का’ कळले नव्हते, ताई कोण हेही कळले नव्हते. माझा आवाज चोराचा झाला होता, तेवढे कळले होते. हलके वाटायला हवे होते. त्याऐवजी एका रात्री मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो.

चिंगी मांडीवर होती. मी तिच्या कानामागे खाजवत, त्याच लाडिक आवाजात, अगदी गाणे म्हणावे तशी म्हणाले, ‘चिंगुली गं माझी, तुला मी देऊन टाकणार आहे. वर्षभर येणारसुद्धा नाही मी. कळलं का माझ्या बाळाला?’

तिने माझ्याकडे पाहून डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले, आणि कुशीवर वळून पोट वर केले. गुरगुरणे इतके खोल होते की माझ्या मांडीला ते जाणवत होते. हा मंद उघडझाप करणारा डोळा म्हणजे मांजराच्या विश्वासाची खूण, असे सगळेच सांगतात. आठवडाभर मला तिला सगळे कळले असेल याची भीती वाटत होती. त्या क्षणी मला कळले की तिला काहीच कळले नाही याची भीती त्याहून मोठी होती. त्या आवाजात मी तिला काहीही सांगू शकले असते. तो आवाज सात वर्षे तिच्याकडे फक्त खरे बोलला होता, आणि आज पहिल्यांदा मी तो खोटेपणासाठी वापरला होता. तोही ती पकडू शकते का हे बघण्यासाठी. मी हात काढून घेतला. तिने डोके पुढे करून तो परत मागितला.

आजीची आठवण मला तेव्हा झाली. तिच्याकडे एक करड्या रंगाचा बोका होता आणि आजी त्याच्याशी कधीही लाडिक बोलली नाही. मोठ्या माणसाशी बोलावे तशी ती त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत असे. ‘आज मला बरं नाही, तेव्हा जरा उशीर होईल.’ ‘उद्या पाहुणे येणार आहेत, समोरच्या खोलीत फिरकू नकोस.’ कुठे जायचे असले की दाराला कुलूप लावण्याआधी ती त्याला सांगे, ‘मी चार दिवस नाही. नीट राहा.’ आम्ही मुले हसून लोळत असू. तो बोका यातले एक अक्षर समजत नव्हता, याविषयी मला आज तेव्हापेक्षाही अधिक खात्री आहे. पण आजीचा आवाज त्याच्यासमोर कधी खाली आला नाही आणि वरही गेला नाही. जे होणार होते ते त्याच्या देखत, रोजच्या आवाजात बोलले जात होते. तिच्या कुलपाच्या आवाजाने तो कधी पळालेला मला आठवत नाही.

परवा ताईचा पुन्हा फोन आला. चिंगी त्याच खुर्चीवर होती. या वेळी मी येरझाऱ्या घातल्या नाहीत, समोर बसले आणि वाटाण्याच्या शेंगा सोलताना बोलावे तशी बोलू लागले. ‘चिंगी तुझ्याकडे येईल. पण आधी मी तिला घेऊन आठ दिवस तुझ्याकडेच राहीन,’ मी म्हणाले. नाव आले तसे दोन्ही कान माझ्याकडे वळले. मग मी सांगत गेले: चिंगीला बंद दार चालत नाही, चिंगीचे पाणी तिच्या खाण्याजवळ ठेवायचे नाही, चिंगीला बोलवायचे असेल तर एकदाच हाक मारायची आणि मग दुसरीकडे बघायचे, चिंगी रागावली की कान आधी आडवे होतात, तेव्हा हात लावू नकोस, चिंगी रात्री पायांशी झोपते, अंगावर नाही, आणि मी फोन केला तर तो चिंगीसमोर स्पीकरवर टाकायचा नाही. दुसऱ्या, तिसऱ्या नावाला एकच कान वळला. पाचव्याला तो नुसता थरथरला. त्यानंतर मी नाव घेत राहिले आणि ती झोपून राहिली. माझ्या तोंडून सारखे येऊन येऊन ते नावही खिडकी, पिशवी, चटईसारखे झाले होते. ताई सगळे ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘सगळं करीन गं. पण तुला करमेल का?’

मला लगेच उत्तर देता आले नाही. चिंगीने डोळे उघडले आणि दोन्ही कान माझ्याकडे वळवले.